आईची दुसरी सही

माझ्या आईबाबांचं लग्न झालं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. हसू नका. साक्षीदार म्हणून माझी सही आहे तिथे, डिचोलीच्या रजिस्टरात. आणि त्या दिवशी मी इतकी धडपडत होते, इतकी घामाघूम झाले होते, की ऑफिसाच्या दारातल्या एका बाईंनी मलाच विचारलं, "नवरी कोण, तुम्ही?"

गोव्याबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून आधी सांगते. आमच्याकडे मांडवातलं लग्न वेगळं आणि सरकारातलं वेगळं. पोर्तुगीज गेले तरी हा कायदा राहिला. सरकारातल्या लग्नाला दोन सह्या लागतात. पहिली सही म्हणजे रजिस्ट्रारसमोर जाऊन आम्हाला लग्न करायचंय असं नोंदवायचं. मग बोर्डावर नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर येऊन सांगा म्हणून. पंधरा-वीस दिवस जातात. मग परत जाऊन दुसरी सही. ही दुसरी झाली की लग्न झालं, सर्टिफिकेट मिळतं. ती नाही झाली, तर मांडवात कितीही पंगती उठल्या असल्या तरी कायद्याने तुम्ही एकमेकांचे कोणीही नाही. माझी स्वतःची दुसरी सही मांडवाच्या दोन महिने आधी झाली होती. म्हणजे सरकारच्या लेखी मी नवऱ्याची बायको, आणि आई मला त्याच्या स्कूटरवर मागे बसू देईना! "मांडव होवंदे आदी," म्हणायची.

तर अशी ही माझी आई. आणि तिचीच दुसरी सही झालेली नव्हती.

मी लग्न होऊन पेडण्यात आले आणि तिथेच एका सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर बसते. पंधरा वर्षं लोकांना "हा कागद नाही चालणार, तो आणा" हेच सांगत आले. घराण्यात कोणाचाही कागद अडला की सगळे माझ्याकडे येतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता. माझं माहेर आमोण्याला, मांडवीच्या काठावर. बाबा खनिजाच्या बार्जीवर खलाशी होते, आमोण्याहून माल भरून मुरगावला न्यायचे. आई दोडामार्गाच्या पलीकडची, सिंधुदुर्गातली. चाळीस वर्षांचा संसार, तीन मुलं, दोन नातवंडं. त्यांच्या लग्नाचा कागद बघावा असं माझ्या डोक्यात कशाला येईल?

आजोबांच्या जमिनीच्या आणि घराच्या वाटण्या निघाल्या तेव्हा ते उघडं पडलं. गोव्यात नवरा-बायकोचा सगळ्यात निम्मा निम्मा हक्क असतो, त्यामुळे वाटणीच्या कागदावर भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या लागतात. वकिलाने सगळ्यांची सर्टिफिकेटं मागितली. काकवांनी आपापली दिली. आईने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद काढला आणि वकिलापुढे ठेवला. "ह्यां माजां," म्हणाली.

वकिलाने तो दोनदा वाचला. चष्मा काढून परत वाचला. "बाई, ही पहिल्या सहीची पावती आहे," तो म्हणाला. "दुसरी सही कुठाय?"

दुसरी? आईला तिच्या लग्नात दुसरी सही असते हेच माहीत नव्हतं, आणि माझी झाली ती तिला नव्या जमान्यातली रीत वाटली! तिच्या गावात लग्न म्हणजे एकच, अक्षता पडल्या की झालं. बाबांना माहीत होतं. पण दुसऱ्या सहीच्या दिवशी त्यांची बार्ज भरून उभी होती, आणि भरती काय रजिस्ट्रारसाठी थांबणार? ते मुरगावला गेले. परत आले तर चार दिवसांवर मांडव. मग आज जाऊ, उद्या जाऊ. मग मी झाले. मग विसरले.

थोरली काकी तिथेच बसली होती. ती टाळी देऊन हसली. "म्हणजे तुझां लागलांच नाय गो!"

बाकीचे पण हसले. बाबाही हसले म्हणे. वकील मात्र हसला नाही. तो म्हणाला की सर्टिफिकेट नसेल तर या बाईंचं नाव कागदावर येणार नाही, आणि उद्या यांच्या यजमानांचं काही बरंवाईट झालं, तर या घरात या बाईंचा कायद्याने काही हक्क राहणार नाही. महिनाभरात सर्टिफिकेट आणा, नाहीतर मला यांच्या नावाशिवाय कागद करावा लागेल.

त्या संध्याकाळी आईने मला फोन केला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम विचारलं, "चेडवा, मी ह्या घरात कोण गो?"

मला इतका राग आला! काकीचा, बाबांचा, त्या बार्जीचा, सगळ्यांचा. मी म्हटलं, "आई, तू बघच. महिन्यात नाही तुझं लग्न लावलं तर माझं नाव बदल." दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं, आईवडिलांचा विवाह. साहेबांनी अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. पहिली सही जुनी होऊन कधीच रद्द झालेली. पुन्हा पहिलीपासून सगळं करायचं. दोघांचे जन्मदाखले, राहत असल्याचे पंचायतीचे दाखले, आणि आई गोव्याबाहेर जन्मलेली म्हणून तिच्या गावचा अविवाहित असल्याचा दाखला. नातवंडं असलेल्या बाईचा अविवाहित असल्याचा दाखला! मी खिडकीच्या या बाजूला असते तर हाच कागद मागितला असता, तेही तोंड वर करून. त्या बाजूला उभी राहिले तेव्हा कळलं.

आईला घेऊन तिच्या गावी गेले. बसमध्ये ती नवी साडी नेसून बसली होती आणि माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. जन्माच्या रजिस्टरात तिची नोंद सापडली, पण तिथे नाव नाही. बापाचं नाव, तारीख, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. त्या काळी बारशाआधी नोंद करायचे, मग नाव घालायला कोण परत येणार? म्हणजे त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागणार होतं. ग्रामसेवक तरणा होता, गावातलाच. अविवाहित असल्याचा दाखला म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"आजये, तुज्या लग्नात माज्या आजयेन पंगतीत वाढल्यान, अजून सांगता ती. आणि मी तुका कुमारी लिवू?"

"लिव रे," आई म्हणाली. "ह्या वयात कोण म्हणता माका कुमारी!"

अख्खी पंचायत हसायला लागली. आईसुद्धा. मी एकटीच डोक्याला हात लावून उभी होते. शेवटी मीच कागद ओढून घेतला आणि मजकूर सांगितला. 'रूढीप्रमाणे विवाह झालेला आहे, नोंदणी झालेली नाही, अन्य कोणाशी विवाह झालेला नाही.' पंधरा वर्षांची नोकरी कधी नव्हे ती कामाला आली. ग्रामसेवकाने शिक्का मारला आणि आईच्या पाया पडला.

पाच दिवसांत सगळे कागद गोळा केले. पेडणे, म्हापसा, डिचोली, आमोणे, दोडामार्ग, परत डिचोली. पायाचे तुकडे पडले, पण काय सांगू, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. एक एक कागद हातात आला की मी बसमध्येच तो उघडून परत वाचायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी इतकी उड्या मारत नव्हते.

पहिल्या सहीला आम्ही डिचोलीला गेलो तेव्हा बाकावर तीन-चार जोडपी बसली होती, विशीतली. एक मुलगी केसात अबोलीची फाती माळून आली होती. ती आईला म्हणाली, "आजी, नातीचं लग्न?"

"नाय गो. माजां."

त्या पोरीने एक किंकाळी मारली आणि आपल्या होणाऱ्या नवऱ्याला कोपर मारलं. मग सगळा बाक आमच्याभोवती जमा झाला. बाबा पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करत होते. ऑफिसातल्या बाई फॉर्म भरत होत्या. "वधूचं वय?" "एकसष्ट." त्यांनी मान वर केली, आईकडे बघितलं, आणि पुढचे सगळे प्रश्न अगदी हळुवार आवाजात विचारले. सह्या झाल्या. नोटीस बोर्डावर लागली.

आमोण्यात बातमी पोचायला नोटिशीची काय गरज? दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराने पाव देताना सायकलचा भोंपू दारात मिनिटभर वाजवला. "नोवऱ्याक आज एक उंडो चड!" म्हणाला आणि एक पाव जास्तीचा ठेवून गेला. देवळाकडे बाबांच्या वयाची चार टाळकी बसतात, ती विचारायची, हळद कधी, ख्रिश्चनांसारखं नारळाच्या रसाचं न्हाण, रोस, कधी. बाबा रागाने लाल व्हायचे आणि तरी रोज तिथेच जाऊन बसायचे.

आई मात्र बदलली होती. मी रविवारी गेले तेव्हा ती मागच्या पायरीवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती, गुणगुणत. मी हौसेने सांगायला लागले, दुसऱ्या सहीची तारीख मिळाली, सर्टिफिकेट त्याच आठवड्यात मिळेल, वकिलाशी बोलले, आता तुझं नाव कोणी मिटवू शकत नाही.

तिने एक सुंगट सोलून टोपात टाकलं. "आणि मी सही नाय केलंय तर?"

"आई! मस्करी नको हं."

"मस्करी खंय करतंय?" ती म्हणाली. आणि मग तिने मला ते सांगितलं, जे अडतीस वर्षांत कधी बोलली नव्हती. पहिल्या सहीला, म्हणजे त्या जुन्या पहिल्या सहीला, तिला तिच्या मामाने आणलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत गोव्यात द्यायचंय हेसुद्धा तिला कोणी सांगितलं नव्हतं. नाव लिहायला आठवडाभर शिकवलं होतं, तेवढंच. "सायबान कायतरी विचारल्यान. माका समाजलां नाय. मामान म्हटल्यान, 'होय, होय.' आणि माज्या हातात पेन दिल्यान."

"मग तू रडलीस?"

"रडतलंय कित्याक? भूक लागली हुती माका. सकाळपासून कोणी कायेक दिल्यान नाय."

मी विचारलं, बाबांनी तुला त्रास दिला का, काही आहे का जे आम्हाला माहीत नाही. तिने मानेनेच नाही म्हटलं. "बरे असत ते. पण बरो मनीस गावलो, ह्यां माजां नशीब. ती माजी मर्जी नाय."

आता मी काय करायला हवं होतं? तिचा हात धरायला हवा होता, गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव मेला असा! मी तिला फैलावर घेतलं. घराचं काय, वकिलाचं काय, काकी काय म्हणेल, माझ्या रजा किती गेल्या, एका सहीसाठी लहान पोरीसारखं करू नकोस. आईने सगळं ऐकून घेतलं. "तू कागदाचां बघ," एवढंच म्हणाली आणि टोप उचलून आत गेली.

मी कोणाला काही बोलले नाही. पण बाबांना वास लागला असावा. त्यांचे फोन सुरू झाले. आधी महिन्यातून एकदा करायचे, आता दिवसाला दोन. "ती काय म्हणता? येतली मगे?" घरात चहा करायला लागले म्हणे, इतका कडू की आई तो तुळशीकडे ओतायची. सहीच्या दोन दिवस आधी एकटेच डिचोलीला जाऊन रजिस्ट्रार रजेवर नाहीत ना हे बघून आले. त्या वेळी बार्जीमुळे चुकलं ते या वेळी चुकू नये, म्हणून हा बाप्पा सगळी खात्री करून घेत होता. फक्त ज्या माणसाला विचारायचं तिला सोडून सगळ्यांना विचारत होता.

तो दिवस उजाडला. मी आणि माझा नवरा पेडण्याहून साडेआठलाच डिचोलीत हजर. साक्षीदार आम्ही दोघं. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. आईबाबांचा पत्ता नाही. मी बसस्टँडपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. साखळीकडून येणारी प्रत्येक बस रिकामी होईपर्यंत बघत उभी राहायचे. साडेनऊला एका बसमधून बाबा उतरले. एकटे! आणि मग त्यांच्या मागून आई उतरली, निवांत, पदर सावरत, कंडक्टरशी काहीतरी बोलत.

आत गेलो. साहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे असतील. त्यांनी सगळे कागद बघितले, आमची ओळखपत्रं बघितली, आणि रजिस्टर उघडून नोंद वाचून दाखवली. मग विचारलं, "तुम्ही दोघं आपल्या मर्जीने, कोणाच्याही दबावाशिवाय..."

"होय!" बाबा म्हणाले.

"वाक्य तर पुरं होऊ द्या, काका," साहेब हसले. त्यांनी वाक्य पुरं केलं. बाबा परत होय म्हणाले. साहेब आईकडे वळले. "आणि आपण?"

आईने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

साहेबांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं, सावकाश. आई टेबलाच्या कडेकडे बघत होती. वर पंखा करकरत होता. बाहेरच्या बाकावरची जोडपी दारातून डोकावत होती. मला ते सहन होईना. वकील डोळ्यांसमोर आला, काकी आली, सगळ्या खेपा आल्या, आणि मी पुढे होऊन म्हटलं, "होय, होय, साहेब, त्यांचं काही..."

आईने हात वर केला. "तू गप रव."

मी काय केलं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि इतकी लाज वाटली की मी मागे सरकून भिंतीला टेकले. चाळीस वर्षांपूर्वी एका मामाने जे केलं, ते मी माझ्याच आईला केलं होतं, आणि तेही तिच्या भल्यासाठी म्हणून.

"सायबानु," आई म्हणाली, "तुमी विचारल्यात तां बरां केल्यात. पण तुमचां ह्यां कामच असा. माका ह्येंच्याकडसून ऐकूचां असा."

साहेबांनी बाबांकडे बघितलं. सगळ्या ऑफिसने बाबांकडे बघितलं. टायपिंग थांबलं. बाबांचं ते वरचं बटण त्यांनी एकदा हाताने चाचपलं. आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस, कोणासमोर कधी चार शब्द धड बोलला नाही. आईला हाक मारायची तर "अगो" म्हणायचा, तीही दुसरीकडे बघून. आता तो तिच्याकडे वळला. मला वाटलं, जमणार नाही यांना, आता निघून जातील. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"माज्याबरोबर," बाबा म्हणाले, आणि थांबले. मग एकदम म्हणाले, "माज्याबरोबर रवतलंस गो?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. घाई केली नाही. दारातली ती पोरंसुद्धा टाचा उंचावून बघत होती.

"रवतलंय," ती म्हणाली. "आता विचारल्यात म्हणान रवतलंय."

आणि साहेबांनी पुढे करायच्या आधी तिने स्वतः टेबलावरचं पेन उचललं.